शक्तिमान घेऊन जबलपूरला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नाशिक परिसरातील जुन्या लष्करी गाड्या बाळगणाऱ्या वाचकांची चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण त्या सर्वांचा रोख एकच आहे : अशी गाडी घेऊन लांबच्या वाटेला निघावे का, आणि निघायचे तर कोणत्या तयारीने. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच मोठे झाले आहे, कारण उरलेल्या तीन पत्रांतील निम्म्या शंकांचे समाधान त्यातच होते.

प्रश्न : माझ्याकडे लष्करी लिलावातून आलेला, १९७० च्या दशकातील शक्तिमान ट्रक आहे. तो माझ्या नावावर रीतसर नोंदलेला असून शहराच्या आसपास बरा चालतो. येत्या हिवाळ्यात मुलाला बरोबर घेऊन हा ट्रक जिथे तयार झाला त्या जबलपूरपर्यंत तो चालवत न्यावा, अशी फार दिवसांची इच्छा आहे. गॅरेजवाले म्हणतात, ‘बिनधास्त जा’. घरची मंडळी म्हणतात, ‘ट्रेलरवर चढवून न्या’. आपले मत काय? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : ट्रक चालवतच न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महिनोन्महिने एका जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर, सील आणि ब्रेक जितके बिघडतात, तितके ते बेताने केलेल्या प्रवासात बिघडत नाहीत, आणि ट्रेलरवरून नेलेला ट्रक जबलपूरला पोहोचला तरी आपली इच्छा नाशिकलाच राहील. मात्र बिनधास्त जाण्याचा सल्ला मी देणार नाही, आणि त्याचे कारण या गाडीच्या पूर्वायुष्यात आहे.

लष्करात असताना हा ट्रक लांबच्या वाटेवर एकटा क्वचितच निघाला असेल. तो ताफ्यात धावत असे. पुढे-मागे त्याच जातीचे ट्रक, त्यांच्यात त्याला चालणारे सुटे भाग, ताफ्याच्या शेवटी दुरुस्ती पथकाची गाडी, आणि या सर्वांच्या पाठीशी १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेल्या, लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ई.एम.ई. दलाच्या कार्यशाळांची साखळी, अशी ती व्यवस्था होती. निघण्यापूर्वी, वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर आणि मुक्कामी पोहोचल्यावर चालकाने गाडी तपासायची, हा शिस्तीचा भाग होता. शक्तिमानची जी मजबुती आपण वाखाणतो, ती जितकी लोखंडाची होती तितकीच या व्यवस्थेची होती. लिलावातून आपल्याकडे लोखंड आले, व्यवस्था मागे राहिली. म्हणून तयारीची सुरुवात ताफा जे पुरवत होता ते आपण कोठून आणणार, या प्रश्नापासून करावी.

ताफ्याचे महत्त्व किती, हे पाहायचे तर अमेरिकी सैन्याने १९१९ साली केलेला प्रवास आठवावा. पहिले महायुद्ध संपल्यावर ८१ वाहनांचा एक ताफा ७ जुलै रोजी वॉशिंग्टनहून निघाला आणि सुमारे ३,२५० मैलांची मजल मारून ६ सप्टेंबर रोजी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. वाटेत पूल मोडले, गाड्या चिखलात आणि वाळूत रुतल्या, तरीही बहुतेक वाहने शेवटपर्यंत टिकली, कारण फिरती कार्यशाळा आणि ओढून काढणारी गाडी बरोबर होती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर तरुण अधिकारी म्हणून त्या ताफ्यात होते, आणि १९५६ साली त्यांनी ज्या महामार्ग कायद्यावर सही केली त्यामागे या प्रवासाची आठवण होती. त्या ट्रकांचा सरासरी वेग ताशी सहा मैलांच्या आसपास होता. आपला ट्रक त्याहून पुष्कळ वेगवान आहे. परंतु बरोबर दुसरी गाडी असावी, हा त्या प्रवासाचा धडा आजही तितकाच लागू आहे. एखाद्या मित्राने जीप किंवा बोलेरो घेऊन मागून यावे. हत्यारे, तेल, पाणी आणि सुटे भाग त्या गाडीत असावेत, आणि मागून वेगाने येणाऱ्या वाहनांना इशारा देण्याचे कामही तिनेच करावे.

आता ट्रककडे वळू. शक्तिमान हा जर्मनीच्या ‘मान’ (MAN) या कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागला. आधी तेथील तोफगाडा कारखान्यात, आणि १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिल्यावर त्या कारखान्यात. १९९० च्या दशकात स्टॅलियन आणि टाटाचे ट्रक लष्करात आल्यावर त्याचे दिवस संपले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की कारखान्यातून नवे भाग मिळण्याची आशा धरू नये. जे लागेल ते डिस्पोझलचा, म्हणजे लष्कराने लिलावात काढलेला, माल विकणाऱ्यांकडून किंवा दुसऱ्या शक्तिमानमधून आधीच मिळवून ठेवावे. फॅन बेल्ट, सर्व होज पाइप, पाण्याच्या पंपाचे किट, ब्रेकच्या चाकांतील सिलिंडरांचे रबर, डिझेल फिल्टर, एक पाटा (स्प्रिंगची पट्टी) आणि त्याचे यू-बोल्ट, एक टायर-ट्यूब, एवढे तरी बरोबर असलेच पाहिजे.

इंधनाची टाकी उतरवून धुऊन घेणे हे काम पुष्कळ जण टाळतात, आणि वाटेत अडकणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांपैकी अनेक याच कारणाने अडकतात. वर्षानुवर्षे तळाशी साचलेला गाळ शहरातल्या फेऱ्यांत हलत नाही. महामार्गावर तास-दोन तास सतत धक्के बसू लागले की तो ढवळून फिल्टरमध्ये येतो, इंजिन दम खाते, आणि फिल्टर बदलताना लाइनमध्ये हवा शिरते. ही हवा काढण्याचे काम आपल्याला आणि आपल्या मुलाला, दोघांनाही स्वतःच्या हाताने येत असावे. घरच्या अंगणात एकदा मुद्दाम फिल्टर सोडून ते करून पाहावे. नाशिकमध्ये यासाठी जाणकार शोधणे कठीण नाही. सातपूरला डिझेलची नोझल बनवणारा मोठा कारखाना आहे आणि शहरात पंप व नोझल तपासणारी वर्कशॉप्सही आहेत; शिवाय देवळाली आणि नाशिकरोड हा तोफखान्याचा परिसर असल्याने लष्करी कार्यशाळेत आयुष्य काढलेला एखादा निवृत्त कारागीर चौकशी केल्यावर भेटू शकतो. अशा माणसाच्या हाताखाली दोन रविवार घालवावेत. कोणत्याही छापील पुस्तिकेपेक्षा ते अधिक शिकवतील.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सवलत देणार नाही. त्या काळच्या अनेक लष्करी ट्रकांत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच नळीमार्गाने जाते. एक होज फुटला की चारही चाके एकदम मोकळी होतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, ओलावा शिरलेले तेल घाट उतरताना लवकर उकळते, आणि उकळलेल्या तेलाच्या वाफेवर पेडल नुसते खाली जाते. म्हणून सर्व रबरी होज नवे, सर्व सिलिंडरांचे किट नवे आणि तेल पूर्णपणे नवे, या तीन गोष्टी झाल्याशिवाय नाशिकची हद्द ओलांडू नये. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आहे आणि त्याला आजही पर्याय नाही. अनेक लष्करी गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर, असतो, तो धावत्या गाडीत ओढला तर शाफ्ट किंवा डिफरन्शियल मोडू शकते; आपल्या ट्रकची रचना खाली वाकून एकदा स्वतः पाहून घ्यावी.

टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून टायर चांगला, असे समजू नये. टायरच्या बाजूवर तो कधी बनला हे सांगणारी चार आकडी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. मूळ लष्करी नक्षीचे जाड ठोकळ्यांचे टायर शेतात आणि वाळूत उत्तम चालतात, परंतु डांबरी रस्त्यावर ते लवकर तापतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते. साडेनऊशे किलोमीटरच्या डांबरी प्रवासासाठी मी साधे महामार्गाचे टायर बसवीन. टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग सुटी असलेल्या चाकात हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती तोफगोळ्याच्या जोराने उडते आणि माणसाचा जीव घेते. हवा भरताना चाकाला साखळी गुंडाळावी, कोणीही रिंगेसमोर उभे राहू नये, आणि हे काम ज्याला असल्या चाकांची सवय आहे अशाच टायरवाल्याकडे करावे.

एवढे झाल्यावर परीक्षा घ्यावी. बंद राहिलेली गाडी पहिल्या वीस किलोमीटरांत क्वचित दगा देते. ती दगा देते दुसऱ्या दिवशी, सर्व काही तापून थंड झाल्यावर. म्हणून आधी दिंडोरीमार्गे वणीपर्यंत जाऊन यावे, मग सिन्नर–घोटीच्या रस्त्याने इगतपुरीपर्यंत, आणि शेवटी चांदवडच्या पुढे राहुड घाट उतरून मालेगावला मुक्काम करून परत यावे. राहुड घाट फार मोठा नाही, परंतु तेथे ब्रेक निकामी होऊन अपघात झालेले आहेत. जबलपूरला जाताना हाच पहिला उतार लागणार असल्याने त्याची ओळख आधी रिकाम्या गाडीने करून घेतलेली बरी. कसारा घाट या परीक्षेसाठी निवडू नये. वर्दळ इतकी असते की चूक सुधारायला जागा मिळत नाही.

मार्ग धुळे, जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर, सिवनी, लखनादौन, जबलपूर असा ठेवावा. समृद्धी महामार्गाचा मोह होणे स्वाभाविक आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि सिन्नरजवळून त्यावर चढता येते. परंतु ज्या रस्त्यावर मोटारी ताशी १२० किलोमीटर वेगाने धावतात, तेथे ताशी पंचेचाळीसने चालणारा ट्रक हा स्वतःला आणि इतरांना धोका आहे. शिवाय तेथे काही बिघडले तर हाकेच्या अंतरावर ना वेल्डर, ना लेथ, ना टायरवाला. जुन्या महामार्गावर मालेगावात यंत्रमागांमुळे टर्नर आणि फिटर मिळतात, धुळे, जळगाव आणि अकोला येथे ट्रकची गॅरेज आहेत, आणि अमरावतीकडून नागपुरात शिरताना वाडी येथे तर ट्रान्सपोर्टचा मोठा पसाराच लागतो. जुन्या गाडीने जुन्या रस्त्यावरूनच जावे, असा भावनिक आग्रह यात नाही. जेथे माणसे आणि हत्यारे आहेत त्या वाटेने जावे, एवढेच म्हणणे आहे. या मार्गाचा बराच भाग आता चौपदरी आहे. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम नोंदवला गेला होता, तो याच वाटेवर.

दिवसाला दीडशे किलोमीटर पुरेत. धुळे, मुक्ताईनगर, अकोला, अमरावती, नागपूर, सिवनी आणि सातव्या दिवशी जबलपूर, असे मुक्काम पडतात. अकोला ते अमरावती हा टप्पा मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण त्या दिवशी दुपारनंतर तेल, ग्रीसिंग, पाटे, नट-बोल्ट यांची पूर्ण तपासणी करायची आहे. उजाडल्यावर निघावे आणि चारच्या सुमारास थांबावे. जुन्या दिव्यांच्या उजेडात रात्री चालवू नये. मागे परावर्तक पट्ट्या लावाव्यात आणि त्रिकोण बरोबर ठेवावेत. निघाल्यावर पहिला थांबा पंधरा-वीस किलोमीटरवरच घ्यावा आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हात न्यावा : एक हब इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर तेथे बेअरिंग आवळले गेले आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे. ज्या दिवशी चाक काढले असेल त्या दिवशी पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. डिझेलचा हिशेब लीटरला तीन किलोमीटर असा धरावा. चार मिळाले तर आनंद मानावा.

पुढच्या चाकांना जोर देण्याची सोय चिखलासाठी आहे. डांबरी रस्त्यावर ती लावून चालवले तर पुढचा आणि मागचा आस एकमेकांविरुद्ध ताणले जातात, कारण वळणावर चाकांनी कापलेले अंतर सारखे नसते आणि तो फरक सोडवणारी यंत्रणा मध्ये नसते. ट्रक ओढून नेण्याची वेळ आली तर दोरापेक्षा लोखंडी दांडा वापरावा, आणि अंतर लांब असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. मात्र हँडब्रेक शाफ्टवर असेल तर शाफ्ट सुटताक्षणी तोही गेला, हे विसरू नये. त्याआधी चाकांना मोठे लाकडी ठोकळे लावलेले असावेत.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. खानदेशचा उन्हाळा या रेडिएटरला झेपणार नाही, आणि आपल्यालाही नाही. हिवाळ्यात सकाळी पिंपळगाव बसवंत आणि चांदवडच्या बाजार समित्यांकडे जाणारे कांद्याचे ट्रॅक्टर, आणि पुढे वऱ्हाडात कापसाने फुगलेल्या गाड्या वाटेत असतील. आपला वेग त्यांच्याइतकाच असल्याने त्यांच्या मागे शांतपणे चालावे. नागपूरच्या पुढे खवासा ओलांडल्यावर पेंचच्या जंगलातून रस्ता जातो. तेथे वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता उंच उचलला असून आवाज आणि प्रकाश अडवणाऱ्या भिंती बांधल्या आहेत. त्या टप्प्यात थांबू नये. जानेवारीत सिवनीकडे सकाळी धुके असते, तेव्हा त्या दिवशी उशिरा निघावे.

जबलपूरचा वाहन कारखाना हा संरक्षण उत्पादनाचा कारखाना आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तो आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आहे. फाटकासमोर ट्रक उभा करून छायाचित्रे काढण्याचा विचार असेल तर तो परवानगीशिवाय करू नये. दोन-तीन महिने आधी लेखी विनंती करावी, ट्रकचा चासी क्रमांक आणि जुन्या कागदांच्या प्रती जोडाव्यात. उत्तर आले तर उत्तमच. न आले तर नर्मदेच्या काठी, ग्वारीघाटाच्या बाजूला, ट्रक धुऊन पुसून उभा करण्याइतकी जागा नक्की मिळेल. फक्त तो नदीत उतरवून धुऊ नका.

प्रश्न : आम्ही सिन्नरचे मित्र मिळून लष्करातून निघालेला निसान एक-टनी ट्रक घेतला आहे. त्याला मूळ ऑलिव्ह हिरवा रंग देऊन, बाणाचे चिन्ह असलेली जुनी पाटी लावून, हौद्यात दहा-बारा जण बसून गोव्याला जायचे आहे. त्याची नोंदणी व्हिंटेज म्हणून करता येईल का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : मूळ रूप जपण्याची तुमची ओढ मला समजते आणि आवडतेही, परंतु या पत्रातील बहुतेक बेत कायद्यात बसत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांना देता येतो. वर टोक केलेल्या बाणाने सुरू होणारा क्रमांक ही लष्कराची चालू ओळख आहे. ती नागरी गाडीवर लावणे म्हणजे लष्करी वाहनाचे सोंग घेणे, आणि छावण्यांनी वेढलेल्या आपल्या जिल्ह्यात तर ते मुळीच करू नये. गाडीला वाळूचा, राखाडी किंवा तपकिरी रंग द्या. मूळ पाटी घरात भिंतीवर लावा, आणि मूळ रंगाचा एखादा तुकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला तसाच राखून ठेवा. पुढे कोणाला अभ्यास करायचा झाल्यास तो तुकडाच खरा पुरावा ठरेल.

व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. ते पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी आणि खासगी प्रवासी मोटारींसाठी आहेत, मालवाहू ट्रकसाठी नाहीत. शिवाय त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते; गोव्याची सहल त्यात बसत नाही. तुमच्या ट्रकसाठी नेहमीची नोंदणी, वैध योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, फास्टॅग आणि नवी सुरक्षित नंबरपाटी हाच मार्ग आहे. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. शक्तिमानसारख्या मोठ्या ट्रकला मात्र जड वाहनाचा परवाना लागतो.

हौद्यात माणसे बसवू नका. मालवाहू गाडीच्या हौद्यात हौसेने बसलेल्या प्रवाशांना विम्याचे संरक्षण नसते, आणि फाळक्याला टेकून बसलेला माणूस एका जोरदार ब्रेकने कोठे जाऊन पडेल हे सांगता येत नाही. केबिनमध्ये मावतील तेवढेच ट्रकने जा, बाकीच्यांनी दुसऱ्या गाडीतून यावे आणि मुक्कामागणिक जागा बदलाव्यात. अशा रीतीने प्रत्येकाला ट्रकमध्ये बसता येईल आणि ताफ्याची सोयही आपोआप होईल.

प्रश्न : आजोबांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डिस्पोझलमधून घेतलेला सहा चाकांना जोर असलेला अमेरिकी जी.एम.सी. ट्रक आमच्याकडे आहे. तो पेट्रोलवर चालतो, स्टिअरिंग डावीकडे आहे. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर तो लांब जाऊ शकेल का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : आपल्याकडे असलेली वस्तू मौल्यवान आहे. या अडीच टनी ट्रकांची निर्मिती युद्धकाळात साडेपाच लाखांच्या पुढे गेली आणि आसामातील लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे काढलेल्या रस्त्यावरही त्यांनी माल वाहिला. तरीही महाराष्ट्रात चालू स्थितीतला असा ट्रक आता विरळाच.

इथेनॉलची भीती रास्त आहे, परंतु तिच्यावर उपाय आहे. वीस टक्के इथेनॉल त्या काळच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे यांना सोसत नाही. ती फुगतात किंवा भेगाळतात, आणि गळणारे पेट्रोल तापलेल्या नळीवर पडणे हा आगीचा धोका आहे. इंधनाच्या वाटेवरील सर्व रबर इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचे बसवावे. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. हे इंधन लवकर उडते, म्हणून दुपारच्या उन्हात चढावर पंपात वाफ धरून इंजिन बंद पडण्याची शक्यता असते. नळी सायलेन्सरपासून दूर नेणे आणि मध्ये विजेवर चालणारा एक जादा पंप बसवणे यांचा उपयोग होतो. केबिनमध्ये अग्निशामक असलाच पाहिजे.

डाव्या स्टिअरिंगच्या वाहनाला वळण्याचा इशारा देणारे यांत्रिक किंवा विजेचे साधन चालू स्थितीत असणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे बंधनकारक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओव्हरटेक करताना आपल्याला समोरचे दिसत नाही. उजवीकडे बसलेला शहाणा सोबती हवा, आणि त्याने ‘नाही’ म्हटले की तो शब्द अंतिम मानावा. आणखी एक बारकावा : या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पंक्चर काढणाऱ्या मुलाला हे आधी सांगितले नाही, तर तो जोर लावून बोल्टच तोडील. या ट्रकची कमाल गती ताशी ४५ मैल ठरवलेली होती, आणि १९४४ साली फ्रान्समध्ये रसद पोहोचवणाऱ्या प्रसिद्ध ‘रेड बॉल’ ताफ्यांना तर ताशी २५ मैलांची मर्यादा घालून दिली होती. आपण त्या दोहोंच्या मध्ये, ताशी पन्नास किलोमीटरच्या आत राहावे. पहिला लांबचा प्रवास म्हणून अहिल्यानगर सुचवतो; अंतर बेताचे, मार्गात मोठा घाट नाही, आणि तेथे १९९४ पासून चालू असलेले रणगाडा संग्रहालय पाहताना आपल्या ट्रकचे अनेक समकालीन एकाच आवारात भेटतील.

प्रश्न : माझे वडील लष्करात चालक होते. आता त्यांचे वय त्र्याहत्तर आहे. भावाने त्यांच्यासाठी शक्तिमान घेतला असून दोघे मिळून उत्तरेकडे जाण्याच्या गोष्टी करतात. बाबांना नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायला भीती वाटते. (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : ताई, आपल्या भीतीचा आदर करूनच लिहितो. प्रथम परवाना पाहा. जड वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्याला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते; ते औपचारिकता म्हणून न घेता डोळे, कान, रक्तदाब आणि हृदय यांची खरी तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना ‘मोटार’ न सांगता ‘पॉवर स्टिअरिंग नसलेला ट्रक’ असे सांगावे, कारण श्रमात फार फरक आहे : स्टिअरिंगला खांद्याचा जोर लागतो, क्लच जड असतो, आणि डबल क्लच मारून, म्हणजे दर वेळी क्लच दोनदा दाबून, गिअर बदलायचे तर घाटात डावा पाय सतत कामात असतो.

तपासणी ठीक आली तर बाबांना चालवू द्यावे, परंतु वाटणी आधी ठरवून. सकाळचे पहिले दोन तास, सपाट रस्ता आणि मोकळी वाहतूक एवढे त्यांचे; घाट, शहरे आणि दुपारनंतरचा भाग भावाचा. केबिनमधला आवाज तासन्‌तास सोसणे वाईट, म्हणून दोघांनी कानात बोळे घालावेत. आसनावर जाड गादी, पाठीला आधार आणि दर तासाला खाली उतरून चालणे हवे. औषधे बाबांच्या खिशात असावीत आणि त्यांची यादी भावाच्या फोनमध्ये. दिल्ली आणि आसपासचा परिसर टाळावा. तेथे जुन्या डिझेल वाहनांवर कडक निर्बंध आलेले आहेत. त्यापेक्षा वर दिलेला जबलपूरचा मार्ग बाबांना दाखवून पाहा, कदाचित त्यांनाच तो अधिक पटेल.

आणि एक विनंती. वाटेतल्या तपासण्यांचे प्रमुख त्यांनाच करा. हबजवळ हात नेऊन काय चालले आहे हे सांगणे, पाट्यावर हातोडी वाजवून तडा ओळखणे, इंजिनाच्या आवाजातला बदल भावाच्या आधी टिपणे, हे त्यांना येत असेल आणि आपल्या भावाला शिकायचे आहे. शक्य असेल तर मागच्या गाडीत आपणही जा.